जिना चढा, सक्षम व्हा

आमच्या तालुक्यातल्या एका मोठ्या साहेबांचा सिद्धान्त असा आहे की, ज्याला सक्षम करायचं त्याला आधी तिसऱ्या मजल्यावर बोलवावं. तो वर पोचला, तर निम्मं सक्षमीकरण सरकारचा एक पैसाही खर्च न होता उरकलेलं असतं. नाही पोचला, तर त्याची नोंदच होत नाही. त्यामुळे ज्यांची नोंद आहे ते सगळे सक्षम, असा शंभर टक्क्यांचा अहवाल दरवर्षी जिल्ह्याला जातो.

रॅम्प नाही का, असं कुणी खवचटपणे विचारेल. आहे की! कचेरीचं जोतं तीन फूट उंच. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे छत्तीस फूट. ठेकेदाराला जागा मिळाली नऊ फूट. गडी हुशार, त्याने छत्तीस फूट नऊ फुटांत बसवले. उरलेल्या सत्तावीस फुटांचं सिमेंट कुठे गेलं, हे विचारणं म्हणजे विकासकामात खोडा घालणं. या उतारावरून व्हीलचेअर वर गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही, मोटारसायकली मात्र झकास जातात. त्या जाऊ नयेत म्हणून तोंडाशी साखळी लावली आहे. साखळीच्या कुलपाची किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई साहेबांच्या घरी असतो.

कायद्याने मात्र आपलं काम चोख बजावलं आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. तिप्पट! एवढी भरघोस वाढ दुसऱ्या कुठल्या खात्यात दाखवा. जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या, असंही त्यात लिहिलं आहे. नियम आले जून 2017 मध्ये, म्हणजे मुदत सरली जून 2022 मध्ये. साहेबांचं यावरचं उत्तर बिनतोड आहे: ‘जूनमध्ये पाऊस लागतो, बाहेरची बांधकामं बंद असतात.’

पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने यात लक्ष घातलं. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत आहे, बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवा, असं केंद्राला सांगितलं. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. ‘मार्गदर्शक तत्त्वं होती तोवर बरं चाललं होतं,’ ते आम्हाला म्हणाले. ‘मार्ग दाखवणं आमचं काम. त्या मार्गाने जाता येतं की नाही, हे ज्याचं त्याने बघावं.’

आता अपंगत्वाच्या प्रमाणपत्राकडे येऊ, कारण सक्षमीकरणाचा खरा आखाडा तोच. अपंगत्व किमान 40 टक्के असल्याशिवाय सवलतींच्या वाटेला जायचं नाही. आमच्याकडे बोर्ड बसतं बुधवारी. आधी सायबर कॅफेत ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलमध्ये केसपेपर, एक्स-रे दुसऱ्या इमारतीत, सही तिसऱ्या इमारतीत. तिथवर जावं तर हाडांचे डॉक्टर रजेवर. पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी सर्व्हर रजेवर. एका बाईंच्या हाताचा पंजा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात चेंगरला होता. बोर्डाने 38 टक्के दिले. ‘दोन टक्क्यांसाठी आता मी काय करू?’ त्यांनी खिडकीवर विचारलं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, ‘गिरणी चालू आहे का अजून?’

मध्यंतरी बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली. चांगली धडधाकट माणसं अपंगांच्या जागांवर बसली आहेत, म्हणून सगळीकडे हळहळ झाली. आम्हाला आश्चर्य वाटलं ते या हळहळीचं. अहो, चार इमारती, सहा खिडक्या आणि तीन बुधवार ही शर्यत धडधाकट माणसाशिवाय पुरी करणार कोण? दोन्ही पाय मजबूत, नजर तीक्ष्ण, कान तिखट, खिशात सुट्टे पैसे आणि आरोग्य खात्यात मेहुणा, अशा सर्वांगसुंदर उमेदवारासाठीच ही वाट आखलेली आहे. तो ती धावत पार करतो आणि वर जाऊन लंगडतो. खरा लंगडणारा पहिल्या जिन्यावरच बाद होतो. पुन्हा बनावट लोक शोधायचे म्हणून फेरतपासणी निघाली की तिच्या रांगेतही खऱ्यांनीच उभं राहायचं. बनावट माणसाचा मेहुणा अजून खात्यातच असतो.

इतकं करून हाती काय येतं? दारिद्र्यरेषेखालच्या आणि 80 टक्के अपंगत्व असलेल्या माणसाला केंद्राकडून महिन्याला 300 रुपये. हा आकडा 2012 सालापासून जागचा हललेला नाही. त्यात राज्य आपली भर घालतं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे माणूस समक्ष येऊन जिवंत असल्याचं सांगतो आणि जिवंत असल्याचा पुरावा मागणारा त्याच्याकडे संशयाने बघतो. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा चाकाच्या खुर्चीवर 5 टक्के कर बसला. खुर्चीवर बसणाऱ्याच्या आधी कर बसला, एवढंच.

हे सगळं घरबसल्या मोबाइलवर व्हावं, असं आम्ही सुचवून पाहिलं. तिथे बँकेचं ॲप म्हणतं, ओळख पटवण्यासाठी डोळे मिचकावा. अंध माणसाने आणि ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या बाईने काय मिचकावावं, हे ॲपला सांगण्यासाठी लोकांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं.

असं काही काढलं की साहेब धीराचं महत्त्व सांगतात आणि उदाहरण देतात मुरलीकांत पेटकरांचं. सांगली जिल्ह्याचा माणूस. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात जागतिक विक्रमासह देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण जिंकलं. वेळ 37.33 सेकंद. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी 2025 मध्ये. मधल्या 52 वर्षांत पद्मश्री तेवढी 2018 साली येऊन गेली, आणि अर्जुनाच्या आधी त्यांच्यावरचा हिंदी सिनेमाही लागून गेला. ‘पाहा, मिळाला ना शेवटी?’ साहेब म्हणतात.

पण साहेबांचं खरं कर्तृत्व बघायचं तर 3 डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाच्या मेळाव्यात. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात, आणि अपंगांना सावली लागते म्हणून मांडव, बसायला लागतं म्हणून पाहुण्यांना सोफे, असा तो खर्च रीतसर होतो. यंदा व्यासपीठाला पाच पायऱ्या होत्या. एका कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र द्यायचं होतं. पण श्रवणयंत्र फोटोत दिसत नाही, म्हणून फोटोग्राफरने त्याला तीनचाकी सायकलवर बसवलं. हे फक्त फोटोपुरतं आहे, असं खुणांनी सांगणारं अख्ख्या मांडवात कुणी नव्हतं. सायकल आपलीच, असं समजून पोरगं उठेना. दोन शिपायांनी त्याला उतरवलं.

मग सायकलचा खरा धनी, विशीतला एक तरुण, चौघांनी उचलून वर आणला. दोन शब्द बोल म्हणून त्याच्यापुढे माइक धरला.

‘साहेब, ही घरी कशी न्यायची?’ तो म्हणाला. ‘गाव लांब आहे.’

‘अरे, एसटीत तुम्हाला 75 टक्के सवलत आहे,’ साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

‘सवलत चढल्यावर मिळते, साहेब. पहिली पायरी माझ्या छातीला लागते.’

‘वेळेचं भान ठेवून,’ सूत्रसंचालकाने माइक आपल्याकडे घेत सांगितलं, ‘आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या.’