सेंच्युरीकर

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्यावर माणूस चपला काढतो, 'काय म्हणताय' म्हणतो, पाणी पितो. सेंच्युरीकर वाकतात. उंबरा ओलांडला की त्यांची नजर यजमानाच्या तोंडाकडे न जाता थेट सोफ्याच्या बुडाशी जाते आणि पाठोपाठ ते स्वतः जातात. एक गुडघा टेकून, मान तिरकी करून ते सोफ्याचे पाय बघतात. निमुळते आहेत का, बाहेरच्या अंगाला झुकलेत का, टोकाला पितळी टोपण आहे का. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सोफ्यावर माझी आत्या बसली होती. एवढा शिकलेला माणूस आल्या आल्या पायाशी वाकलेला बघून ती गहिवरली. 'औक्षवंत हो,' म्हणत तिने त्यांच्या टकलावर हात ठेवला. खालून आवाज आला, 'प्लायच आहे. वर नुसता सनमायका.'

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण दर दोन वाक्यांनंतर 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणणाऱ्या माणसाला कोथरूडात दुसरं आडनाव टिकत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यापासून साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत आणि डेन्मार्क-फिनलंडकडे जे फर्निचर घडलं ते खरं, बाकीचं लाकूडसामान, हा त्यांचा धर्म. नक्षी नको, झालर नको, रेषा साधी हवी आणि खालची फरशी दिसली पाहिजे. आमच्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. 'सेंच्युरीच्या मध्ये म्हणजे पन्नास. मग हाफ सेंच्युरी म्हणा ना सरळ!' सेंच्युरीकरांनी त्यांना सांगितलं की हे नाव रूढ झालं तेच मुळी 1984 साली, कारा ग्रीनबर्ग या लेखिकेच्या पुस्तकामुळे. काका म्हणाले, 'म्हणजे पन्नास साली बसणाऱ्यांना आपण कशावर बसलोय ते ठाऊकच नव्हतं? बरं झालं. आम्ही सतरंजीवर होतो.'

त्यांच्या घरी जाणं ही एक परीक्षा असते. भिंतीवर एक घड्याळ आहे. जॉर्ज नेल्सनच्या अमेरिकन स्टुडिओतून 1949 च्या सुमाराला निघालेल्या घड्याळाची ही नक्कल. आकडे नाहीत, आकड्यांच्या जागी बारा रंगीत गोळे. त्यामुळे त्या घरात वेळ 'साधारण' असते. कामवाल्या मावशी साधारण दहाला येतात आणि तासाभराने आल्या तरी त्यांना कुणी बोलू शकत नाही. बुटक्या साइडबोर्डवर वहिनींच्या माहेरचा पितळी तांब्या आहे आणि त्यात वाळकं गवत खोचलेलं आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1958 साली भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात आपल्या लोट्याची भरभरून वाखाणणी केली. त्याच अहवालातून 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हे कळल्या दिवसापासून त्या घरात तांब्यातून पाणी पिणं बंद झालं. वहिनी म्हणतात, 'ईम्सबाईंनी कढईबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून आम्ही जेवतोय.'

शिवाय मुंगी खुर्ची. डेन्मार्कच्या आर्न याकोबसेनने 1952 साली एका औषध कंपनीच्या कँटीनसाठी काढलेली, मूळची तीन पायांची. पुढे चार पायांची निघाली, पण तीही याकोबसेन वारल्यावर. सेंच्युरीकरांकडे अर्थातच तीनवाली. आमचे एक वजनदार मित्र तिच्यावर बसून शेजारच्या टीपॉयवरचा चिवडा घ्यायला जरा कलले, ते चिवड्यासकट जमिनीवर पोचले. सेंच्युरीकर धावले. वाकले. हात फिरवून म्हणाले, 'पायांना काही झालेलं नाही.' मित्राला बरं वाटलं. त्याने त्यांचे आभारही मानले.

या वाकण्याचा कळस झाला तो त्यांच्या पुतण्याच्या कांदेपोह्यांना. मुलीकडे जुन्या सागवानी खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर मुलीची आजी. वरपक्षाकडचा ज्येष्ठ माणूस आजीपुढे वाकलेला बघून मुलीची आई सद्गदित झाली. बापाने तर मनातल्या मनात हॉलही बुक केला असावा. बराच वेळ झाला तरी सेंच्युरीकर वर येईनात. शेवटी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'हे पाय मूळचे नाहीत. नंतर बसवलेत.' आजी हबकली. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि ते मुलाकडच्यांना सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. लग्न जमलं. आजी मात्र आजही त्यांना अंतर्ज्ञानी समजते.

एवढं प्रेम पायांवर असल्यामुळे त्यांचा एकमेव शत्रू म्हणजे ठोकळा. आपल्याकडे कपाट आलं की त्याखाली ठोकळे जातात, कारण फरशी पुसताना पाणी लागून लाकूड कुजतं. पलंगाखाली जातात, कारण तिथे बॅगा, गाद्या आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवायचा असतो. सेंच्युरीकरांच्या मते हा अत्याचार आहे. 'करणाऱ्याने पायाची उंची विचार करून ठरवलेली असते. तिच्यात अर्ध्या इंचाचीही ढवळाढवळ करण्याचा आपल्याला अधिकार नाही.' हे सांगून ते थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण ते लोकांच्या घरी जाऊन ठोकळे स्वतः काढतात. सख्ख्या मेव्हण्याच्या पलंगाचा एक ठोकळा त्यांनी काढला, तेवढ्यात चहा आला आणि उरलेले तीन तसेच राहिले. त्या रात्री मेव्हणा झोपेत हळूहळू ईशान्येकडे सरकत गेला.

त्यांना गप्प करण्याचा एकच उपाय मला सापडला आहे. एरो सारिनन. हाही त्यांच्याच काळातला मोठा माणूस, पण टेबलाखालच्या आणि खुर्च्यांखालच्या पायांच्या गर्दीचा त्याला तिटकारा होता. ती त्याला चक्क पायांची झोपडपट्टी वाटायची. म्हणून पन्नासच्या दशकात त्याने पायच काढून टाकले आणि एका देठावर उभी असलेली ट्युलिप खुर्ची केली. हे नाव काढलं की सेंच्युरीकरांचा चेहरा सवतीचं नाव निघाल्यागत होतो. 'प्रत्येक घराण्यात एखादा असतो,' एवढंच बोलतात.

आणि मग स्वतःहून चंदीगडवर येतात. इथे मात्र मी त्यांना बोलू देतो, कारण ही गोष्ट ते चांगली सांगतात. 1951 पासून वास्तुकार कॉर्बुझिए त्या शहराचे नकाशे काढत होता. पण तिथे ठाण मांडून राहिला तो त्याचा चुलतभाऊ, पिएर जानरे. नव्या कचेऱ्यांना, कॉलेजांना, वसतिगृहांना हजारो खुर्च्या-टेबलं हवी होती. जानरे आणि युली चौधरींसारखे त्याचे भारतीय सहकारी यांनी ती आखली आणि तिथल्याच सुतारांनी केली. लाकूड सागाचं, बैठक वेताची, पाय उलट्या व्हीच्या आकाराचे. त्यांवर कारकून बसले, विद्यार्थी बसले, पुढे वेत फाटले. मग प्लास्टिकच्या आणि चाकांच्या खुर्च्या आल्या आणि जुन्या खुर्च्या गच्च्यांवर, आवारांत, पावसात ढिगाने जाऊन पडल्या. सरकारने त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, वेत नवे विणले, पॉलिश केलं आणि तिकडच्या लिलावांत एकेका खुर्चीला लाखांनी भाव आला. 2011 मध्ये गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, तोवर बऱ्याचशा समुद्रापार गेल्या होत्या. खुर्चीवर पांढऱ्या रंगाने खरडलेला कचेरीचा नंबर असला तर भाव आणखी चढतो. कारकुनाने खुर्ची पळवू नये म्हणून टाकलेला नंबर! 'आपण ज्यावर बसून कंटाळलो,' सेंच्युरीकर म्हणतात, 'त्यावर पॅरिस बसलं, तेव्हा आपण उठून उभे राहिलो.' जानरे 1965 मध्ये आजारी होऊन परत गेला आणि दोन वर्षांनी वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात सोडली. इथे आल्यावर ते नेहमी थोडा वेळ खिडकीबाहेर बघतात.

त्यांच्याकडे एक तशी खुर्ची आहे. जुन्या बाजारातून आणलेली, मागे पांढरा नंबर असलेली. त्यांच्या मते ती चंदीगडची. त्यांच्या मिस्त्रीच्या मते ती पुण्यातल्याच एका सरकारी कचेरीतली, आणि त्याने तशा चिक्कार दुरुस्त केल्या आहेत. काही असो, तिचा वेत सेंच्युरीकरांनी पुन्हा विणून घेतला, लाकडाला हाताने पॉलिश केलं आणि वर्षभर तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही.

मग गावाहून त्यांची आई कायमची राहायला आली. ऐंशीच्या पुढची बाई, गुडघे गेलेले. घरात हिंडून तिने नेमकी तीच खुर्ची निवडली. वेतामुळे पाठ घामेजत नाही, म्हणाली. सेंच्युरीकरांना बोलता येईना. पण खुर्ची बुटकी. बसणं सोपं, उठायला दोन माणसं लागायची. हळूहळू म्हातारीने बाहेर येणंच सोडलं, आतल्या पलंगावर पडून राहायला लागली. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, तर म्हणाली, 'तुझ्या खुर्चीत बसायला आवडतं रे. पण दर वेळी उठवायला कुणाला हाका मारू?'

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंच्युरीकर मिस्त्रीच्या दुकानात गेले आणि त्यांनी ठोकळे मागितले. मिस्त्रीने हातातला रंधा खाली ठेवून पुन्हा विचारलं. चार ठोकळे, चार इंची, सागाचे. तिरके पाय घसरू नयेत म्हणून वरून खाच मारलेले. ते बसवायला सेंच्युरीकर जमिनीवर आडवे झाले तेव्हा मी तिथे होतो. आई खुर्चीत बसूनच होती. मी खुर्ची तिच्यासकट एकेका बाजूने उचलली, त्यांनी खालून एकेक ठोकळा सरकवला. मग तिने हातांवर भार दिला आणि कुणाला हाक न मारता उठली, स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत येऊन बसली. आणि पुन्हा उठली, उगीचच. इतकी वर्षं ज्या माणसाचा मला वैताग आला, त्याचा त्या दिवशी येईना. हा मला त्यांचा अन्यायच वाटला.

महिन्याभराने त्यांच्या पंथातली मंडळी खुर्ची बघायला आली. आत शिरताच सगळे ओळीने वाकले. म्हातारीने सवयीने सगळ्यांना आशीर्वाद दिला. त्यांतल्या एकाने ठोकळ्यावर नखाने टकटक केलं आणि वर बघून विचारलं, 'हे काय?' आईसाठी लावलेत, हे दोन शब्द काही सेंच्युरीकरांच्या तोंडून निघेनात. 'चंदीगड,' ते म्हणाले. 'वयस्क अधिकाऱ्यांसाठी मोजकेच केले होते.' खोलीत शांतता पसरली. कुणीतरी फोटो काढला.

हल्ली मिस्त्रीकडे ठोकळ्यांच्या ऑर्डरी आहेत. साधा ठोकळा तो जुन्याच भावात देतो. पांढऱ्या रंगाने नंबर टाकून हवा असेल तर दुप्पट घेतो.