जरा अजून आवळ!

बॉनेट बंद असेपर्यंत गाडी आपली असते. बॉनेट उघडलं की ती सोसायटीची होते. आरसी बुकावर नाव कुणाचंही असो, हप्ते कुणीही भरत असो, पार्किंगमध्ये बॉनेटची दांडी उभी राहिली की पहिल्या पाच मिनिटांत तिथे जे जे जमतात ते सगळे गाडीचे सहमालक. फक्त पेट्रोल भरायची वेळ आली की मालकी पुन्हा आपल्याकडे येते.

स्पार्क प्लग बदलणं अवघड नाही. ज्याला चाकाचे नट सोडवता येतात त्याला प्लगही बदलता येतात. अवघड आहे ते बदलू दिलं जाणं.

झालं असं, की आमची गाडी मिसिंग करायला लागली. सिग्नलला उभी असताना थरथर, कात्रजच्या चढाला झटके, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. हा दिवा नुसता पेटला असेल तर सवडीने बघितलं तरी चालतं. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी थांबवावी, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढतं. त्या कन्व्हर्टरच्या किमतीपुढे प्लग आणि कॉइल म्हणजे चिल्लर.

गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली. टाय लावलेल्या मुलाने बॉनेटला हातही न लावता टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, चारही कॉइल, चारही प्लग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, आणि एसीचं सॅनिटायझेशन." मिसिंगचा आणि एसीचा संबंध विचारला, तर म्हणाला, "सर, पॅकेज आहे." खाली लिहिलेला आकडा बघून मला एसी नसतानाही गार वाटलं.

मग घरीच शोध सुरू केला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा स्कॅनर मिळतो, तो मोबाइलला गाडीचं दुखणं कळवतो. त्याने कळवलं, पी ०३०३. पी ०३०० म्हणजे ठिणगी कुठेतरी चुकते आहे, पण नेमकी कुठे ते ठरत नाही. शेवटी शून्याऐवजी दुसरा आकडा आला की तो सिलिंडरचा नंबर. म्हणजे दुखणं तीन नंबरला. पण तिथला प्लग गेला, की कॉइल? याची फुकटातली चाचणी अशी, की तीनवरची कॉइल काढून एकवर लावायची आणि एकवरची तीनवर. अदलाबदल करून एक फेरी मारली. नवा कोड आला पी ०३०१. कॉइल जिथे गेली, दोष तिथे गेला. दोन्ही कॉइल पुन्हा आपापल्या जागी लावल्या. गुन्हेगार हाती लागला, बाकीच्या तीन कॉइल निर्दोष सुटल्या.

प्लग मात्र चारही बदलायचे होते, कारण कॉइलचा जीव बऱ्याचदा प्लगच घेतो. प्लगच्या टोकाला जेमतेम मिलीमीटरभर फट असते. वापराने टोकं झिजतात, फट वाढते. फट वाढली की ठिणगीला मोठी उडी मारावी लागते आणि तेवढा जोर कॉइलने द्यायचा असतो. बॅटरीकडून येतात बारा व्होल्ट. मायकल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वाने, जाड तारेच्या थोड्या आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमधून, कॉइल त्या बाराचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. आणि हे सणासुदीला नव्हे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगवर सेकंदाला २५ ठिणग्या पडतात, चौघांच्या मिळून १००. एवढ्या रगाड्यात रोज वाढीव व्होल्टेज पुरवता पुरवता कॉइलच्या आतलं इन्सुलेशन एक दिवस फुटतं.

पूर्वी असं नव्हतं. प्रीमियर पद्मिनीच्या काळी सगळ्या इंजिनाला मिळून एक कॉइल असायची आणि तिचा करंट डिस्ट्रिब्युटर चौघांना वाटायचा, तोही १-३-४-२ अशा क्रमाने. एकत्र कुटुंबात आजी पंक्तीला वाढायची, तसा तो कारभार. मिळायचं सगळ्यांना, पण आपली पाळी आल्यावर. आजीने अंथरूण धरलं की अख्खं घर उपाशी. आता प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आहे, म्हणजे चौघांच्या चार चुली. एकाची विझली तरी बाकीचे तिघे कण्हत-कुंथत गाडी घरी आणतात. वेगळं राहण्याचा फायदा तो हा. तोटा बिलात दिसतो.

एक कॉइल आणि चार प्लग आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "ओरिजिनल देऊ, की ओरिजिनलसारखं?" प्लगमध्ये नकली माल खूप येतो आणि तो डब्यावरून ओळखू येत नाही. मी म्हटलं, "ओरिजिनलच द्या." तो म्हणाला, "मग तसं सांगायचं ना आधी." बिल मागितलं तेव्हा मात्र त्याने प्रथमच मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

काम रविवारी सकाळी काढलं, गाडी रात्रभर उभी राहून पार थंड झालेली असताना. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते गरम असताना प्लगला हिसडा दिला तर प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर येतात, आणि मग ओरिजिनलसारखं हेड कुणी देत नाही. रॅचेट, लांब एक्स्टेंशन, आत रबर असलेलं सोळाचं प्लग सॉकेट, दहाचा पाना आणि टॉर्क रेंच अशी मांडामांड केली, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, आणि मान वर केली तर समोर तळमजल्यावरचे काका. हातात पेपर, पण घडी न मोडलेला.

"काय झालं रे?"

"प्लग बदलतोय काका."

"प्लग नसेल. बॅटरी असेल."

मालक सांगतो तो सोडून गाडीला दुसरा कोणताही रोग झालेला असतो, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. रखवालदाराच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होतं. दूध घेऊन निघालेल्या सेक्रेटरींना रोगाशी कर्तव्य नव्हतं. "फरशीवर ऑइल सांडणार नाही ना?" एवढं विचारून ते थांबले, आणि हातातलं दूध नासेल अशी चिन्हं दिसेपर्यंत हलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक मेकॅनिकल इंजिनिअर राहतो, तो अर्थातच आयटीत आहे. त्याने लांबूनच विचारलं, "बंद करून परत चालू करून बघितली का?"

एवढ्यात बाबा आले आणि बाकीचे आपोआप एक पाऊल मागे सरले. बाबांकडे चेतक होती. चेतक ज्याने चालवली त्याच्यापुढे प्लगविषयी बोलायची आमच्या पिढीची प्राज्ञा नाही. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे प्लगवर कार्बन धरायचा हे ठरलेलं. डिकीत प्लग-पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जादा प्लग नसेल तर माणूस आकुर्डीहून शनिवारवाड्यापर्यंत जायची हिंमत करत नसे. स्कूटर बंद पडली की आधी ती आडवी करून बघायची, मग डावी-उजवीकडे बघून चार किका मारायच्या, मग रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून प्लग काढायचा, घासायचा, फुंकर मारायची, इंजिनाला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी दिसली की मागच्या सीटवरच्या मंडळींकडे विजयी मुद्रेने बघायचं. एका पिढीने संसार या ठिणगीवर केला.

बाबांनी नवा प्लग उचलून चष्म्याखालून बघितला. "मायकोचा आहे का?" मी म्हटलं, "बाबा, मायकोचं नाव २००८ मध्येच बदलून बॉश झालं." "ते त्यांनी केलं असेल," बाबा म्हणाले आणि विषय संपवला.

मी प्लास्टिकचं कव्हर उचललं. कनेक्टरच्या कड्या उष्णतेने कडक झालेल्या असतात, ओढाओढ केली तर तुटतात, म्हणून त्या अंगठ्याने दाबून अलगद सोडवल्या. दहाचा बोल्ट काढून पहिली कॉइल जराशी फिरवून वर ओढली. प्लग बाहेर काढण्याआधी त्या खोलगट विहिरीतली धूळ उडवावी लागते, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. त्यासाठी सायकलचा पंप आणला. रखवालदाराने तो माझ्या हातातून घेतला आणि इतक्या निष्ठेने हवा मारली की धूळ विहिरीतून निघून सेक्रेटरींच्या शर्टावर गेली. दूधही वाचलं नाही. ते तेवढ्यापुरते घरी गेले.

प्लग बाहेर आला आणि खरा सोहळा सुरू झाला. प्लगच्या तोंडावरून इंजिनाचं आरोग्य कळतं, हे खरं आहे. फिकट तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ऑइलने माखलेला प्लग म्हणजे खर्च मोठा आहे, आधी खाली बसून घ्या. पांढराफटक म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय. पहिले दोन्ही प्लग छान तपकिरी निघाले. काकांनी ते तळहातावर घेतले, उजेडात धरले, हुंगले आणि म्हणाले, "काळे पडलेत." तीन नंबरचा मात्र खरोखर ओला काळा होता, पेट्रोलचा वास येत होता. ठिणगीच पडत नव्हती, तर बिचारा पेट्रोलमध्ये भिजत बसला होता. स्कॅनरचं म्हणणं खरं ठरलं. काका म्हणाले, "मी मघापासून तेच सांगतोय."

बाबांनी खिशातून पॉलिश पेपर काढला. तो खिशात का होता हे विचारायचं धाडस मी केलं नाही. म्हणाले, "फेकू नकोस, घासून देतो." त्यांना सांगितलं, की हे इरिडियमचे प्लग आहेत. या धातूला वितळायला सुमारे २,४५० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून त्याचं टोक मिलीमीटरच्या जवळपास निम्म्या जाडीचं ठेवता येतं. साधा निकेलचा प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतो, हा लाखापर्यंत जातो. पण त्या टोकाला पॉलिश पेपर लागला तर ते टोक पेपरलाच चिकटून जायचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्लग खिशात टाकला. तो आता देवघराशेजारच्या ड्रॉवरमध्ये लखलखीत अवस्थेत आहे.

आता नवे प्लग बसवायचे. हा सगळ्यात नाजूक भाग. सुरुवातीला रॅचेट लावायचंच नाही. नुसतं एक्स्टेंशन बोटांनी फिरवायचं. प्लग सहज उतरत गेला तर आटे जुळले. अडला तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा सरळ धरायचा. तळाला टेकला की टॉर्क रेंच. मॅन्युअलमध्ये आमच्या प्लगसाठी २५ न्यूटन-मीटर दिलं होतं. रेंच तेवढ्यावर लावला, फिरवला, 'कट्' असा आवाज आला. मी थांबलो.

जमाव थांबला नाही. "झालं? एवढंच?" "जरा अजून आवळ." "सुटेल तो हायवेला." "अर्धा फेरा दे अजून, माझ्यावर सोड."

आवळणं हा आपल्याकडे श्रद्धेचा विषय आहे. नळ टपकला की आपण वॉशर बदलत नाही, नळ आवळतो. त्यामुळे यंत्राने स्वतःहून "पुरे" म्हणावं, ही गोष्ट कुणाला पटेना. जास्त आवळलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, चिनी मातीला तडा जातो. सैल राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. म्हणून तो आकडा. आयटीतल्या इंजिनिअरला हे पटलं, पण त्याने मान डोलावल्यामुळे बाकीच्यांचा संशय वाढला. शेवटी मी रेंच प्रत्येकाच्या हातात देऊन चार नंबरच्या प्लगवर टेकवू दिला. प्रत्येकाने हलकेच 'कट्' ऐकलं. मग कुठे प्रकरण मिटलं.

वर बाल्कनीतून बायको हे सगळं बघत होती. म्हणाली, "तुला बर्था बेंझ माहीत आहे ना?" माहीत होत्या. १८८८ च्या ऑगस्टमध्ये या बाईंनी नवऱ्याला, म्हणजे खुद्द कार्ल बेंझ यांना, न विचारता त्यांची तीनचाकी मोटार बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडे गेल्या. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि इग्निशनची वायर उघडी पडली तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला.

"त्यांना जमलं," बायको म्हणाली, "कारण मोटार जगात नवीन होती. सल्ला द्यायला कुणाला काही येतच नव्हतं."

कॉइली परत बसवल्या, कनेक्टर 'टिक्' वाजेपर्यंत दाबले, बॅटरी जोडली, स्कॅनरने कोड पुसला. चावी फिरवली. इंजिन असं सुरू झालं की सुरू झालंय का ते बघायला सगळे वाकले. थरथर नाही, पिवळा दिवा नाही. क्षणभर सगळे गप्प होते, मग श्रेयवाटप सुरू झालं. रखवालदाराने हवा मारली होती, बाबांनी अनुभव दिला होता, इंजिनिअरने तात्त्विक पाठिंबा, आणि निदान तर काकांचंच होतं.

गर्दी पांगली तरी काका रेंगाळले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पुढच्या रविवारी आमच्या गाडीचे करू. तुझा हात आता बसलाय."

"काका, तुमची डिझेल आहे. डिझेल इंजिनात हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेने इंधन आपोआप पेटतं. थंडीत सुरू व्हायला ग्लो प्लग असतात, पण स्पार्क प्लग नसतातच. एकही."

काकांनी पेपरची घडी प्रथमच मोडली आणि पुन्हा घातली.

"नसतात?"

"नसतात."

"मग गेल्या दिवाळीत सर्व्हिसिंगच्या बिलात 'स्पार्क प्लग, नग चार' लिहिलं होतं, ते माझ्या गाडीत बसवले, की कुणाच्या?"