नळीवैद्य

मनगटावरची नाडी पाहून रोग ओळखणाऱ्यास ज्या न्यायाने नाडीवैद्य म्हणतात, त्याच न्यायाने इंजिनावरची रबरी नळी चाचपून ट्रकचा रोग ओळखणाऱ्यास नळीवैद्य म्हणावयास हरकत नसावी. कोशकारांनी या शब्दाची दखल घेतलेली नसली, तरी ज्याच्या दारात वीस-पंचवीस वर्षे वयाचा ट्रक उभा आहे त्याची या व्यक्तीशी गाठ केव्हा ना केव्हा पडलेलीच असते. नळीवैद्य आणि मेकॅनिक यांची गल्लत मात्र होऊ देता कामा नये. मेकॅनिक गाडी दुरुस्त करतो, नळीवैद्य गाडीला काय झाले आहे ते सांगतो. ही दोन कामे भिन्न असून त्यांतले पहिले कमी प्रतीचे आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

हा वर्ग महाराष्ट्रभर आढळत असला, तरी त्याच्या अभ्यासास धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव विशेष सोयीचे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या व्यापारी प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड, मलमल वगैरे माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद आहे. वाटेत मोडलेल्या गाडीभोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणी काय निदान केले, हे ग्रंथकाराने लिहून ठेवलेले नाही. परंतु त्याने केलेले रस्त्यांचे वर्णन ऐन पावसाळ्यात, उसाच्या एखाद्या बांधाकडे ट्रक नेताना, आजही संदर्भासाठी वापरता येते.

नळीवैद्य स्वतः मात्र आपली परंपरा ग्रीकांपासून मोजत नाही, ती तो संत गोरोबाकाकांपासून मोजतो. गोरोबांची समाधी तेरमध्ये तेरणेच्या काठी आहे, आणि मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी घडवण्याच्या थापटण्याने जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापट्या मारून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के ते ठरवले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. वस्तू न फोडता, केवळ आवाजावरून तिच्या अंतरंगाचा निर्णय देणे, हे नळीवैद्याच्या मते त्या परीक्षेचे सार असून, कच्चे ठरलेल्या नामदेवांना जो राग आला तो त्याच्या लेखी परीक्षेचाच एक नियमित भाग होय. ज्या मालकाला निदान ऐकून राग आला नाही, त्याला ते नीट कळलेलेच नाही, असे तो समजतो.

त्याच्या विद्येचा गाभा समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र पाहणे अपरिहार्य आहे. 1954 साली टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार होऊन जमशेदपूरला डिझेल ट्रक तयार होऊ लागले, आणि 1951 साली बंगळुरूत स्थापन झालेल्या मायको कंपनीचे डिझेल पंप पुढे घरोघरच्या गाड्यांवर इतके रुळले की ‘मायको पंप’ हे जणू सामान्यनामच झाले. त्या पिढीच्या कित्येक इंजिनांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा, बसवलेला असे. हवा आत घेणाऱ्या नळकांड्यात एक झडप असते, तिच्यामागे निर्वात ओढ, ज्याला गॅरेजात ‘वॅक्युम’ म्हणतात, ती निर्माण होते, आणि ही ओढ एका रबरी नळीतून पंपाच्या मागच्या डब्यातील पातळ पडद्यापर्यंत, म्हणजे डायफ्रामपर्यंत पोहोचते. ओढ वाढली की पडदा मागे सरकून पंपाचा रॅक नावाचा दांडा खेचतो आणि डिझेल कमी होते. ओढ घटली की मागची स्प्रिंग त्याच दांड्याला पुढे रेटते आणि डिझेल वाढते. आता ही नळी फाटली, तर पडद्याला ओढ पोहोचत नाही, स्प्रिंग एकटी राज्य करू लागते आणि ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवरून केव्हाच उचललेला असला, तरी पंपाला मात्र तो तळाला टेकल्याचाच भास होत राहतो. मग इंजिन किंचाळते, सायलेन्सरमधून काळा धूर उसळतो आणि पंप गेला, असा निष्कर्ष काढून मालक पैशाच्या तजविजीला लागतो.

नेमक्या याच क्षणी नळीवैद्याचा प्रवेश होतो. शर्टाच्या खिशात चष्मा आणि उदबत्तीचा पुडा, हातात लांब स्क्रू ड्रायव्हर आणि खांद्यावर हातभर लांबीची एक जुनी नळी, एवढीच त्याची सामग्री असते. तो प्रथम बॉनेट न उघडता प्रश्न विचारतो: धूर कोणत्या रंगाचा, चढाला की उताराला, गाडी थंड असताना की तापल्यावर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते, पांढरा म्हणजे डिझेल न जळता किंवा पाणी वाफ होऊन बाहेर पडते, हा त्याचा पहिला पाठ असून क्लीनरने तो चुकवल्यास “पोरा, धूर बघाय शिक आधी” एवढाच अभिप्राय त्याला मिळतो. त्यानंतर स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटतो. या अवस्थेत त्याच्याशी बोलणे शिष्टाचारास धरून नसते.

खरी पूजा त्यानंतर होते. इंजिन मंद चालू ठेवून तो उदबत्ती पेटवतो आणि नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, क्लिपा, वाकणे आणि जोड यांवरून ती सावकाश फिरवतो. धूर सरळ वर जात असेल तर नळी शाबूत. जिथे धुराची रेघ एकदम मोडून रबराकडे वळते आणि आत शोषली जाते, तिथे भेग. “इथं हवा घेतंय बघा, मालक,” असे तो हलक्या आवाजात म्हणतो, आणि तेरमध्ये उदबत्तीच्या साक्षीने उच्चारलेल्या या वाक्याला आपोआप एक पावित्र्य प्राप्त होते. पेट्रोलच्या गाडीजवळ मात्र हा विधी तो कटाक्षाने टाळतो. तिथे खांद्यावरच्या नळीचे एक टोक कानात घालून दुसऱ्या टोकाने तो फुसफुस ऐकतो. याचे कारण त्याने कधी सांगितलेले नाही, पण त्याच्या भुवयांचे केस विरळ आहेत.

पेट्रोलच्या जुन्या जीपवर तीच भेग नेमका उलटा रोग उत्पन्न करते, आणि हा विरोधाभास शिष्यांना समजावून देण्यात त्याला अवर्णनीय आनंद मिळतो. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. नळीच्या भेगेतून जादा हवा इंजिनात शिरली की मिश्रण पातळ होते, रेस स्थिर राहत नाही, कार्बोरेटरमधून फट्फट् उलटे बार येतात आणि स्पार्क प्लगचे टोक तांबूस राहण्याऐवजी पांढरट दिसू लागते. म्हणजे डिझेलला जी भेग खा-खा सुटवते, तीच पेट्रोलला उपाशी मारते. त्याच न्यायाने, ब्रेकला साह्य करणाऱ्या बूस्टरची नळी फुटली की इंजिन ठणठणीत असूनही पेडल दगडासारखे कडक होते. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाचदा दाबावा, पाय दाबून धरूनच ते सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत, न गेले तर नळीचा माग काढावा, ही परीक्षा तो कोणालाही फुकट शिकवतो.

सर्वांत अवघड रोगी म्हणजे बाहेरून तुकतुकीत पण आतून पापुद्रे सुटलेली नळी. ती थंड असताना निर्दोष असते. तापून मऊ झाली की ओढीने आतल्या आत चिकटते, आणि उदबत्तीचा धूर तिथे काहीच बोलत नाही. अशी नळी बोटांत धरून तो हलकेच दाबतो आणि “कच्चं हाय” असा निकाल देतो. हा एक निकाल त्याच्या हयातीत शंभरदा बरोबर ठरलेला असल्यामुळे तो पुढे माणसे, सोयरिकी, ग्रामपंचायतीचे उमेदवार आणि पावसाची नक्षत्रे यांनाही तोच निकाल लावू लागतो, आणि तिथे मात्र त्याचा अनुभव इतरांहून फारसा वेगळा नसतो.

2020 च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांवर त्याचा राग आहे, तो त्या बिघडतात म्हणून नव्हे, तर बिघाड स्वतःच सांगतात म्हणून. स्कॅनर जोडताच पडद्यावर आकड्यांत रोग उमटतो. ज्या रोग्याने आपला आजार आपणच उच्चारला, त्याच्या नळीवर हात ठेवण्यात वैद्याला मान कसला उरणार, असा त्याचा सवाल असतो.

त्याच्या धंद्यातील खरी गुंतागुंत मात्र निदानानंतर सुरू होते. पंप उतरवून लॅबला नेला असता, तर मालकाने हजारो रुपये निमूट मोजले असते, कारण पंप जड असतो आणि बिलावर त्याचे नाव येते. इथे चार बोटे लांबीचा रबराचा तुकडा बदलला, दोन क्लिपा आवळल्या आणि इंजिन शांत झाले. तुकड्याची किंमत दुकानदाराला ठाऊक आहे, पण तो कुठला तुकडा हे ओळखण्याची किंमत कुठल्याच दरपत्रकात छापलेली नाही. वाचलेल्या खर्चाचे पैसे कोणी देत नसते. त्यामुळे “मिस्त्री, घ्या चहा” यावर व्यवहार मिटतो, आणि त्या चहाबरोबर पंप कसा गेलाच नव्हता, याचे व्याख्यान पुन्हा एकदा साग्रसंगीत होते. मालक ते शेवटपर्यंत ऐकतो, ट्रकमध्ये चढतो आणि निघता निघता फाटलेली जुनी नळी परत मागून घेतो. कारण त्या साऱ्या व्यवहारात ज्याची किंमत आपण मोजली असे त्याला हातात धरून दाखवता येईल, अशी तेवढी एकच वस्तू असते.