पाणी लागलं, अभिनंदन!

पाणाड्या : साहेब, तळहातावरचा आडवा नारळ इथं ताडकन उभा राहिला! आम्ही जन्माचे पायाळू. या पट्ट्यात दाखवलेला एकही बोअर कोरडा गेला नाही. मग तुमच्या तपासण्या कशाला?

भूजलवाला : काका, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेनं गाळाचे जाड थर टाकलेत. इथं कोरडा बोअर शोधून दाखवलात, तर मीच तुम्हाला फेटा बांधीन! नारळाची परीक्षा घ्यायची तर बेसाल्टात न्या. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग तोच. पाणी मुरमात नाहीतर भेगांत, त्यामुळे शेजाऱ्याला धार आणि आपल्याला फुफाटा. इथं प्रश्न आहे तो किती पाणी, मे महिन्यात किती आणि कसलं, हा.

पाणाड्या : दोनशे लिटरचा ड्रम दोन मिनिटांत भरला. मालकानं पेढे वाटले.

भूजलवाला : म्हणजे तासाला सहा हजार लिटर. एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. तेहतीस तास झाले. वीज आठ तासांची धरली, तर पाच एकर भिजायला तीन आठवडे. तोवर पहिला एकर पुन्हा जीभ काढून बसलेला. शिवाय ही धार पहिल्या दिवसाची. पंप काही तास सलग चालवून पातळी किती उतरते, बंद केल्यावर किती वेळात चढते, हे उन्हाळ्यात मोजल्याशिवाय पेढे वाटणं म्हणजे साखरपुड्यातच बारसं.

पाणाड्या : बरं, पण पाणी मी स्वतः चाखलंय, फारसं खारट नाही. गेल्या साली शेजाऱ्याचा हरभरा असल्याच पाण्यावर आला.

भूजलवाला : आला असेल. पावसानं वरचं मीठ खाली धुतलं होतं, एखादं पीक निघून जातं. पण जिभेला मीठ कळलं तरी सोडियम आणि कॅल्शियम यांचा हिशेब कळत नाही. बायकार्बोनेट जास्त असलं, की कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं आणि सोडियम मोकाट सुटतो. म्हणून उरलेलं सोडियम कार्बोनेट लिटरला अडीच मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेलं, की ते पाणी ओलिताला नापास. चिकण काळ्या मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. मग पावसाचं गोडं पाणीसुद्धा मुरत नाही. जिप्सम टाकता येतं, पण किती, हेही तपासणीच सांगते. पंधरा-वीस मिनिटं पंप चालवा, बाटली त्याच पाण्यानं विसळा, नमुना पाठवा.

पाणाड्या : आणि नापास निघालं तर माझी दक्षिणा?

भूजलवाला : ती दोन हंगामांनी घ्या, मातीचा अहवाल बघून.

पाणाड्या : छे छे साहेब, आमच्या विद्येला उधारी चालत नाही!