दुसरीचं गणित : नवशिक्या पालकांसाठी

अभिनंदन. तुमचं मूल दुसरीत आहे, फाल्गुन संपत आला आहे, शाळा सकाळची झाली आहे आणि बाईंनी वहीत लाल शाईने लिहून पाठवलं आहे : '१ ते १०० अक्षरी. पाठ करून घ्यावे.' या वाक्यात कर्ता नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कर्ता तुम्ही आहात.

साहित्य : एक दुरेघी वही, दोन पेन्सिली (एक हरवण्यासाठी), खोडरबर, काड्यापेटीतल्या शंभर काड्या, दहा रबरबँड आणि घरात असल्यास एक आजी. घरात नसल्यास शेजारची चालते. आजीला आधी काही सांगू नये, ती शेवटी लागते.

सुरुवात स्वतःपासून करावी. मूल झोपल्यावर दार लावून एकवीसपासून मोठ्याने म्हणत जा. चाळीसपर्यंत गाडी विनासायास जाते. सत्तेचाळीसला देश स्वतंत्र झाल्यामुळे तेही आठवतं. बावन्न पत्त्यांमुळे पाठ आहे, चौसष्ट कलांमुळे. पण या ओळखीच्या स्टेशनांच्या मधे जे लागतं तिथे मात्र आपण झोपलेले असतो. मी पहिल्या रात्री अडुसष्टपर्यंत पोचलो आणि पुढे 'एकोणसाठ' म्हणालो. तिथून गाडी दहा आकडे मागे गेली. पुन्हा साठ, एकसष्ट, बासष्ट... लोकल ट्रेनमध्ये झोप लागून कर्जतहून परत येणाऱ्या माणसासारखा मी तीनदा अडुसष्टला आलो.

एकोणचं प्रकरण आधी समजून घ्या. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणसत्तर म्हणजे सत्तराला एक कमी. राहायचं साठीत आणि नाव सांगायचं सत्तरीचं. डोंबिवलीच्या पलीकडे घर घेऊन 'ठाण्याजवळच' म्हणतात, तसं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी ही रीत एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालते. मुलाला ती नेमकी कळली, की ते विजयी मुद्रेने 'एकोणशंभर' म्हणतं. इथे त्याला 'नव्याण्णव' सांगायचं असतं. का, हे ते विचारणार. माझ्या लेकीने विचारलं तेव्हा मी पाणी प्यायला उठलो.

आता दोन. दोन हा आकडा मुलाला बालवाडीपासून येतो, म्हणून तुम्ही निर्धास्त असता. पण बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ही रांग पाहा. यात 'दोन' कुठेच नाही. बा, ब, बे, ब्या अशी चार वेषांतरं करून तोच इसम फिरतो आहे. पाढ्यात गेला, की पहिल्या जागी 'बे' होतो आणि दुसऱ्या जागी 'दुणे'. पोलिसांत नोंद असलेल्या माणसालाही इतकी टोपणनावं नसतात. कारण जुनं आहे. संस्कृतात द्वाविंशति, द्वापञ्चाशत् असे शब्द होते. ते प्राकृताच्या तोंडी घासत घासत आपल्यापर्यंत आले आणि घासताना 'द' गळून 'बा' उरला. सत्तरच्या 'स'चा 'ह' झाला, म्हणून एकाहत्तर, बाहत्तर. हे मुलाला सांगू नये. मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाबा, बाई ओरडतील ना."

पन्नाशीचा उतारा घाटातला आहे, सांभाळून. एक्कावन्न, बावन्न : वन्न. त्रेपन्न, चोपन्न : पन्न. पंचावन्न : परत वन्न. छप्पन्न : पन्न. सत्तावन्न, अठ्ठावन्न : वन्न. यात नियम शोधत एक अख्खा रविवार मी घालवला आहे, तुम्ही घालवू नका. ताल धरून म्हटलं, की आपोआप बसतं. मुलं असंच करतात, अडतो तो विचार करणारा.

पाठ झालं, की लिहायला घ्यावं. 'बत्तीस' म्हटलं, की मूल २३ लिहितं. ते मूल चुकत नाही, ते ऐकतं. 'बत्तीस'मध्ये दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. लिहिताना मात्र ३ आधी आणि २ मागून. इंग्रजीत वीस आधी, एक नंतर. कानडी-तेलुगूतही तसंच. आपण उजवीकडून बोलतो आणि डावीकडून लिहितो. इथे काड्या काढाव्यात. दहादहाचे गठ्ठे बांधून तीन गठ्ठे डावीकडे, दोन सुट्या काड्या उजवीकडे. गठ्ठे म्हणजे दशक, सुट्या म्हणजे एकक. काडी ओढून पाहण्याचा मोह बापाला होतो, मुलाला होत नाही.

याच घोळावर २०१९च्या जूनमध्ये महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आणि त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या धक्क्याने लहान मुलं आकड्यांनाच घाबरतात, आणि जुने शब्द कोणी काढून टाकलेले नाहीत. पण मराठी माणूस एरवी न वापरलेल्या वस्तूसाठी फार जोरात भांडतो. भाषा बुडाल्याची हाकाटी झाली, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरही कोटी झाली. मीही तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत 'त्रेसष्टचा खून' या विषयावर तावातावाने बोललो होतो. त्यानंतर वाढप्याने माझा मोबाइल नंबर विचारला. मी म्हणालो, "नाईन एट टू टू..."

हातच्याची बेरीज आणि वजाबाकी : याबाबत मुलाला काही सांगू नये, त्याला येतं. फक्त 'हातचा कुठे गेला?' असं दर दोन मिनिटांनी विचारत राहावं. घरात शिस्त आहे असं वाटतं.

आता आजीला बोलवा. ती पाढे घेईल. बे एके बे, बे दुणे चार असं साधंच सुरू होतं, म्हणून तुम्ही चहा टाकायला जाता. परत येता तेव्हा ती सोळाच्या पाढ्यात शिरलेली असते आणि 'सोळा साते बारोदरसे' असं काहीतरी ऐकू येतं. बारोदरसे म्हणजे एकशे बारा. हे पुस्तकात नाही, बाईंनी मागितलेलं नाही, पण मुलाला नेमकं हेच आवडतं. आमच्याकडे आजीने लेकीला पावकी, निमकी, दिडकीची नावं सांगितली आणि दुसऱ्या दिवशी लेकीने वर्गात बाईंना विचारलं, "तुम्हाला अडीचकी येते का?" त्यावर बाईंचा निरोप आला. तो इथे देत नाही.

एक सोपं खेळणं फुकट मिळतं. देवनागरीत ३६ लिहून दाखवा. तीनचं तोंड एकीकडे, सहाचं दुसरीकडे, पाठीला पाठ. छत्तीसचा आकडा म्हणजे काय ते मुलाला लगेच कळतं. मग ६३ लिहा, म्हणजे दोघं समोरासमोर येतात. माझ्या लेकीने हे दोन्ही आकडे आमच्या फ्रिजवर चिकटवले आहेत. घरातल्या हवामानानुसार ती त्यांच्यावर टिकली लावते. सध्या टिकली कशावर आहे ते सांगत नाही.

शेवटी सराव, आणि तो मंडईत करावा. आम्ही गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी गेलो. कैरी, कोथिंबीर आणि कडुनिंबाचा डहाळा. भाजीवाल्या मावशींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "अडुसष्ट." माझ्या डोक्यात नेहमीप्रमाणे एक क्षण अंधार झाला. अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट, हे भाषांतर होईपर्यंत लेकीने माझ्या फोनवर ६ आणि ८ दाबून टाकले होते. मावशींच्या टोपलीमागचा छोटा भोंगा खणखणीत आवाजात बोलला, "अड़सठ रुपये प्राप्त हुए."

लेक त्या भोंग्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "बाबा, हा कितवीत आहे?"