आधी नाव, मग काम

मनोरंजनाच्या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना हल्ली पहिला धडा मिळतो: आधी नाव करा, काम मागाहून बघू. तमिळनाडूतल्या दारासुरमला उलटा कारभार. १२व्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या ऐरावतेश्वर मंदिरात वीतभर नर्तकी कमरेत वाकून आजही तालात उभ्या, फॉलोअर शून्य! बलिपीठाच्या पायऱ्या ठोकल्या की सूर देत, म्हणून त्या जाळीबंद केल्यात. गाजलेल्या कलावंताला सुरक्षा लागतेच म्हणा. जवळच तंजावरला तिथले राजे शहाजी भोसले यांनी १७व्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली. तरी आद्य नाटककाराचा मान गेला १८४३ साली सांगलीत नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांकडे. आश्रयदाता गेल्यावर भाव्यांनी तिकीट लावून मुंबई गाठली. तंजावरच्या राजेसाहेबांना तिकीट विकायची गरजच पडली नाही, तिथंच घोडं अडलं.