साडेतीन मीटर पुरेत

आपल्या शहरांत गाडी घ्यायचीच असेल तर छोटी घ्यावी. अगदी छोटी, साडेतीन मीटरच्या आसपासची. खिसा रिकामा आहे म्हणून नव्हे. खिसा भरलेला असला तरीही. या गाड्यांत दोष आहेत, त्यातला एक तर थेट जिवावर बेतणारा आहे, आणि तो मी झाकणार नाही. पण आधी गुण, कारण ते सांगायचं लोकांनी सोडूनच दिलं आहे.

पुण्यातल्या नारायण पेठेतली कुठलीही गल्ली घ्या. डावीकडे दुचाकींची रांग, उजवीकडे माल उतरवणारा टेम्पो, समोरून रिक्षा. अल्टो के-टेनची रुंदी १.४९ मीटर. स्कॉर्पिओ-एनची १.९२ मीटर. फरक ४३ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास एक हात. त्या एका हातात चालणारा माणूस अंग चोरून उभा राहू शकतो. छोटी गाडी रिक्षाला वाट देऊन पुढे सरकते. मोठी तिथेच अडते, मग मागे रांग लागते, मग हॉर्न सुरू होतात, आणि चूक कोणाची यावर भांडण जुंपतं. चूक रुंदीची असते. गल्ली पेशवाईतली आहे, ती आता रुंद होणार नाही.

वळणाचंही तेच. अल्टो साडेचार मीटरच्या त्रिज्येत वळते. जिथे मोठी गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत सगळा चौक थांबवते, तिथे ही एका दमात फिरते. नव्यानं गाडी शिकणाऱ्यांना, आणि साठीनंतर मान वळवताना त्रास होणाऱ्यांना, या एका गुणाची किंमत विचारा. गाडीचे चारही कोपरे कुठे संपतात हे बसल्या जागेवरून कळणं ही मोठी गोष्ट आहे.

सोसायटीतलं पार्किंग पाहा. अडीच मीटर रुंदीची जागा, बाजूला खांब. छोटी गाडी लावल्यावर एक मीटर जागा उरते, दार पूर्ण उघडतं, आजी सावकाश उतरतात. मोठी लावली की साठ सेंटिमीटरही उरत नाहीत; मग घरच्यांना आधी बाहेर उतरवायचं आणि चालवणाऱ्यानं पोट आत घेऊन निघायचं. शेजारच्या दाराला पडलेली ठोक आणि त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये झालेला तमाशा, हे त्याच्या पुढचं. रस्त्याच्या कडेला हिशेब आणखी सरळ आहे. फॉर्च्युनर ४.८ मीटर लांब, अल्टो ३.५३. जिथे सात फॉर्च्युनर उभ्या राहतात तिथे नऊ अल्टो मावतात. आणि ती जागा गाडीवाल्याच्या बापजाद्यांची नाही, नगरपालिकेची आहे, म्हणजे तुमची-माझी.

एवढं असून लोक छोट्या गाडीला लाजतात. मंगल कार्यालयाच्या दाराशी उभं राहून पाहा. मोठी गाडी आली की वॉचमन धावत पुढे येऊन सावलीतली जागा देतो. छोटी आली की हात लांब करून मागच्या मातीच्या मैदानाकडे बोट दाखवतो. आत गेल्यावर कोणीतरी विचारतंच, "काका, अजून तीच गाडी?" शोरूममध्ये विक्रेता म्हणतो, "सर, दीड-दोन लाख जास्त टाका, ईएमआयमध्ये कळणारही नाही." कळतं. सात वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला कळतं. पण घेतात लोक. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून जास्त वाटा एसयूव्ही आणि तत्सम गाड्यांचा आहे.

हेच लोक एकेकाळी छोट्या गाडीसाठी जीव टाकत होते. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, ७९६ सीसीची, पन्नास हजारांच्या आतली, आणि मध्यमवर्गानं बुकिंगची पावती जपून ठेवून वाट पाहिली. त्याच्याही कितीतरी आधी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः घडवली होती. एकामागून एक नमुने केले, पण कारखाना उभा राहिला नाही. आपल्या मुलखातल्या माणसानं हे स्वप्न इतक्या लवकर पाहिलं होतं हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं. ते नाही.

आणि नॅनो. तिच्याबद्दल मला आजही चुटपुट लागते. पावसात एका स्कूटरवर भिजत चाललेलं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली. अभियंते गिरीश वाघ यांच्या चमूनं ती घडवली. जानेवारी २००८मध्ये दिल्लीत पडदा उघडला तेव्हा सगळं जग पाहत होतं: ३.१ मीटर लांब, सहाशे किलोंच्या घरात, मागच्या बाजूला ६२४ सीसीचं इंजिन, आणि आत चार मोठी माणसं खरोखर आरामात बसतात. जागेचा इतका शहाणपणानं केलेला वापर त्या किमतीत कोणी केला नव्हता. तरी २०१८मध्ये ती बंद पडली. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या, मागचं दार उघडायचं नाही म्हणून डिकीतलं सामान सीट पाडून काढावं लागे. ही सगळी कारणं खरी. पण मोठा घाव 'सर्वात स्वस्त' या बिरुदानं घातला. हे पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखवलं. आपल्याकडे गाडी घेतात ती चार लोकांत दिसावी म्हणून. स्वस्त म्हणून ओळखली जाणारी गाडी दारात लावायला कोणालाच नको होती.

बरं, सरकार तरी छोटीच्या बाजूनं आहे का? कागदावर आहे. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मोठ्यांवर ४० टक्के झाला. चांगलं झालं, पण छोटी म्हणजे काय ते वाचा. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. रुंदीचं नाव नाही, वजनाचं नाव नाही. त्यामुळे साडेसातशे किलोंची अल्टो आणि १.८ मीटर रुंद, बाराशे किलोंच्या पुढे जाणारी पेट्रोल नेक्सॉन सरकारदरबारी एकाच रांगेत. टेप फक्त लांबीला लावली की हेच होणार. गाड्या ३.९९ मीटरवर कापल्या गेल्या आणि रुंदी-उंचीला फुगत गेल्या. जपाननं हे नीट केलं. तिथल्या 'केई' गाड्यांना लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची दोन मीटर आणि इंजिन ६६० सीसी, अशी चारही बाजूंनी मर्यादा आहे. त्यात बसलात तर कर कमी, आणि पुष्कळ गावांत गाडी घेताना पार्किंगची जागा दाखवण्याची अटही नाही. तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एक तृतीयांशाहून जास्त केई असतात. आपल्या राज्यात रस्ता कर गाडीच्या किमतीवर लागतो. रस्त्याची किती जागा अडवता, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता दोष.

घाट. पाच माणसं, एसी चालू, डिकीत सामान आणि समोर आंबा घाट. हजार सीसीची गाडी तिसऱ्यात कण्हायला लागते, दुसऱ्यात टाकावी लागते, मग एसी बंद. इथवर ठीक आहे, घाम पुसता येतो. धोका पुढे आहे. समोर एसटी रांगत असते, तिला ओलांडायला मोठ्या गाडीला लागतो त्याहून बराच जास्त मोकळा रस्ता या गाडीला लागतो, आणि चालवणारा ते विसरतो. भरलेल्या छोट्या गाडीनं घाटात ओव्हरटेक करू नये. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.

सामान. सीएनजी घेतली की इंधनाचा खर्च बराच उतरतो, पण डिकी टाकीनं व्यापते. गणपतीला कोकणात निघालेल्या चौघांनी बॅगा ठेवायच्या कुठे? मांडीवर. टपावर कॅरियर बांधला की एव्हरेजचा फायदाही गेला.

खड्डे. तेरा इंची चाक आणि आपले पावसाळी खड्डे यांचं जमत नाही. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात हे चाक पडतं. तुंबलेलं पाणी तर आणखी वाईट: अल्टोची जमिनीपासूनची उंची जेमतेम १६७ मिलिमीटर, आणि हवा ओढणारी नळीही खालीच. मुंबईत हिंदमाताच्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिननं पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात तो खर्च बहुधा बसत नाही. रात्री आणखी एक ताप. एसयूव्हीचे पांढरेशुभ्र एलईडी दिवे छोट्या गाडीत बसलेल्याच्या थेट डोळ्यांत शिरतात. क्षणभर रस्ताच नाहीसा होतो. अप्पर-डिप्पर करायची सवय आपल्याकडे मेली आहे.

आणि सर्वात मोठा दोष वजनाचा. हिशेब मांडतो. पंधराशे किलोंची एक गाडी आणि साडेसातशेची एक, दोन्ही ताशी ५०नं समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत रुतल्या. धडकेनंतर तो सगळा सांगाडा जड गाडी जात होती त्या दिशेनं ताशी साधारण १७नं सरकतो. म्हणजे जड गाडीतल्या माणसाचा वेग ५०वरून १७वर आला, बदल ३३चा. हलक्या गाडीतल्याचा ५०वरून शून्य आणि तिथून उलट दिशेला १७, बदल ६७चा. शरीरावर दुप्पट आघात. क्रॅश टेस्टचे तारेही इथे फसवतात. त्या चाचणीत गाडी ताशी ६४नं ठरावीक अडथळ्यावर आदळवतात. ती धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या टकरीसारखी असते. त्यामुळे छोट्या गाडीचे चार तारे आणि दोन टनी गाडीचे चार तारे हे एक नव्हेत. आणि छोट्या गाड्यांना तेवढेही मिळत नव्हते. २०१४मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या चाचणी संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांचे एअरबॅग नसलेले नमुने तपासले, त्यात अल्टो ८०० आणि नॅनो होत्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. अल्टो के-टेनला २०२३मध्ये दोन तारे मिळाले. सहा एअरबॅग तिच्या सगळ्या मॉडेलांत यायला २०२५ उजाडलं.

हा दोष गंभीर आहे. तरी म्हणून प्रत्येकानं दोन टनांची गाडी घ्यावी हा त्यावरचा उपाय मला मान्य नाही. तुम्ही वजन वाढवलंत की धोका संपत नाही, तो समोरच्याच्या अंगावर ढकलला जातो. आणि समोर बहुतेक वेळा गाडी नसतेच. या देशात रस्त्यावर सर्वाधिक मरतात ते दुचाकीवाले, त्यांच्यामागोमाग पायी चालणारे. उंच, सपाट नाकाची गाडी माणसाच्या पायाला नाही, छातीला लागते. शिवाय छोटी गाडी घेणाऱ्या घराची तुलना एसयूव्हीशी करणंच चूक आहे. ते घर काल स्कूटरवर होतं, धाकटा पुढे उभा, मोठी मध्ये चेपलेली. त्यांच्यासाठी अल्टोचं छप्पर आणि चार दारं ही मोठी सुरक्षितता आहे. कमी पैशांच्या गाडीत जीवही कमी मोलाचा, हा कंपन्यांनी वर्षानुवर्षं चालवलेला हिशेब मात्र संतापजनक होता. एअरबॅग, एबीएस, मजबूत सांगाडा हे 'टॉप मॉडेल'मधले लाड नव्हेत.

म्हणून माझं सरळ मत. शहरात, तालुक्याच्या गावात, रोजच्या ऑफिस-बाजार-शाळेच्या फेऱ्यांना छोटी गाडी, आणि ताठ मानेनं. महामार्गावर तीच गाडी ऐंशीच्या आत, डावीकडून, दिवसाउजेडी. वर्षातून दोनदा दूर जायचं तर मोठी गाडी भाड्यानं आणा. त्यासाठी बाकीचे साडेतीनशे दिवस दोन टन लोखंड गल्लीबोळांत फिरवू नका. महापालिकांनी पे-अँड-पार्कचे दर गाडीच्या लांबी-रुंदीवर लावावेत. ज्याला जास्त जागा लागते त्यानं जास्त मोजावेत, यात अन्याय काही नाही.

जुनी छोटी गाडी घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे, कारण पहिली गाडी बहुतेक घरांत जुनीच येते. आरसी बुकावरचं साल पाहा. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९पासून सक्तीचं झालं, चालकाची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, शेजारच्या सीटची २०२२च्या सुरुवातीपासून. त्याआधीच्या गाडीत यातलं काहीच नसण्याची शक्यता आहे, आणि डीलर ते आपणहून सांगणार नाही. चाळीस-पन्नास हजार वाचतात म्हणून २०१६ची गाडी घेऊ नका, २०२२नंतरची शोधा. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं, ते वाचा. सहा-सात वर्षांचे टायर असतील तर रबर कितीही काळंभोर दिसो, बदलून घ्या. आणि ताबा घेतलात की त्याच दिवशी मागच्या सीटचं कव्हर उचला. आधीच्या मालकानं पट्टे आणि त्यांची बकलं त्याखाली दाबून टाकलेली असतात. ती बाहेर काढा, ओढून पाहा, अडकतात का बघा, आणि मुलांना पट्टा लावूनच गाडी गेटबाहेर काढा.